कोनफळाचा जीनोम वाचून झाला, मग चांगली जात का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोनफळाचा जीनोम (म्हणजे त्याच्या डीएनएचा संपूर्ण आराखडा) उलगडला म्हणतात, तरी चिरल्यावर न काळवंडणारी आणि शिजल्यावर पाणचट न लागणारी जात का निघत नाही? वनस्पती पैदास हा माझ्या अभ्यासाचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपलं कोनफळ म्हणजे डायोस्कोरिया अलाटा. (सुरण यात धरू नका, तो अळूच्या कुळातला.) डायोस्कोरिया कंदांचं, म्हणजे इंग्रजीतल्या ‘याम’चं, खरं राज्य पश्चिम आफ्रिकेत. जगातल्या उत्पादनाचा ९० टक्क्यांहून जास्त वाटा नायजेरिया, घाना, कोत दिव्वार, बेनिन, टोगो या पट्ट्यातून येतो आणि पैदाशीचं मोठं काम नायजेरियात इबादानच्या आयआयटीए या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेत चालतं. तिथे मान मात्र पांढऱ्या रोटुंडाटाला, म्हणजे डायोस्कोरियाच्याच दुसऱ्या जातीला. तो उकडून उखळात कांडला की चिकट, ताणला जाणारा गोळा होतो. अलाटाचा बहुतेकदा तसा होत नाही, म्हणून तिथे तो दुय्यम.

आता काळं पडणं. वांगं चिरून ठेवल्यावर होतं तेच इथे होतं: पेशी फुटतात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम कंदातल्या फिनॉल्स या रसायनांना गाठतं आणि तपकिरी रंग तयार होतो. हा गुण एका जनुकाच्या हातात नाही. एन्झाइम किती, फिनॉल्स किती, दोन्ही बघावं लागतं. शिवाय फिनॉल्स झाडाच्या संरक्षणातही कामाला येतात, त्यामुळे ते सरसकट कमी करायला पैदासकार कचरतो. अलाटाला करपा हा बुरशीचा रोग आधीच छळतो.

पाणचटपणाचं मूळ शुष्क पदार्थात, म्हणजे पाणी वगळून कंदात जे उरतं त्यात. तो बऱ्यापैकी आनुवंशिक आहे, त्यामुळे निवड करून वाढवता येतो. पण मोजताना गंमत होते. कंदाचा वेलाकडचा भाग आधी तयार होतो, तो जास्त घट्ट असतो. टोकाकडचा कोवळा आणि पाणीदार. नमुना कुठून कापला यावर आकडा बदलतो. नमुन्यातच घोळ झाला तर पुढचं डीएनए विश्लेषण कितीही महागडं असो, उपयोग शून्य.

अलाटाचा जीनोम २०२२ साली प्रसिद्ध झाला. तो २० गुणसूत्रांमध्ये जुळवला आहे, आणि करप्याला प्रतिकार आणि कंदाचे काही गुण यांच्याशी जोडलेल्या डीएनएवरच्या जागाही त्यात दाखवल्या आहेत. शुष्क पदार्थ आणि स्टार्च आता अवरक्त किरणांच्या यंत्रावर झटपट अजमावता येतात. कांडलेल्या गोळ्याचा ताण मात्र अजूनही मुख्यतः माणसं बोटांनी दाबून, ओढून ठरवतात. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. जनुकं वाचणं स्वस्त झालं, पण ‘चांगलं लागतं’ याचा आकडा सहज मिळत नाही, आणि आकड्याशिवाय जनुक कशाशी जोडणार?

दुसरी अडचण लग्न जुळवण्याची. नर आणि मादी वेल वेगळे. उत्तम चवीचे दोन्ही वाण मादी निघाले तर संकर होतच नाही. कित्येक जुने वाण फुलतच नाहीत. फुलले तरी नर-मादी एकाच वेळी फुलतीलच असं नाही. गुणसूत्रांचे संच कुठे दोन, कुठे तीन, कुठे चार. तीनवाले बहुतेक वांझ. रोटुंडाटाच्या डीएनएत लिंग ठरवणारी जागा २०१७ मध्ये सापडली. अशा खुणांमुळे रोप लहान असतानाच नर-मादी ओळखण्याची सोय होते, आणि मला वाटतं जीनोमचा सर्वांत व्यवहारी फायदा हाच.

त्यात बियाण्याचा वेग. बीपासून उगवलेल्या रोपाला पहिल्या वर्षी इवलासा कंद धरतो. तो पुन्हा लावायचा, वाढवायचा, मग कुठे शिजवून बघण्याइतका माल हाती येतो. एका हंगामाला आठ-दहा महिने, आणि असे कित्येक हंगाम, म्हणजे दहाएक वर्षं सहज जातात.

भारतात तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने अलाटाचे सुधारित वाण दिले आहेत, श्री शिल्पा हा त्यातला संकरित. जवळच्या कृषी विद्यापीठात बेण्याची चौकशी करा.

तोवर काप चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात टाकत जा. आंबट पाण्यात ते एन्झाइम मंदावतं. जांभळं कोनफळ त्यात थोडं लालसर दिसेल, कारण त्यातलं अँथोसायनिन आम्लात तांबडं होतं. त्याने काही बिघडत नाही.