पंचवार्षिक की पंचवर्षीय?

गुहागर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलंय : "गावच्या विकास आराखड्याच्या फलकावर पेंटरने 'पंचवर्षीय' लिहिलं. गुरुजी म्हणतात चूक, 'पंचवार्षिक' पाहिजे. पुन्हा रंगवायचा का?"

रंगवा, पण पेंटरचे पैसे कापू नका. 'पंचवर्षीय' व्याकरणाला धरूनच आहे. 'वर्ष'ला 'ईय' लागला, एवढंच. हिंदीत तोच चालतो. मराठीत रुळलाय तो 'पंचवार्षिक', म्हणून फलकावर तो बरा.

खरी गंमत गुरुजींच्या शब्दात आहे. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'वर्षस्याभविष्यति'. संख्येनंतर 'वर्ष' आला की त्याचा 'वार्षिक' होतो, पण अर्थ भविष्याचा नसेल तरच. पुढच्या वर्षांबद्दल बोलायचं तर वृद्धी, म्हणजे पहिला स्वर वाढणं, संख्येला होते : 'त्रि'चं 'त्रै' होऊन 'त्रैवर्षिक'. काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, उदाहरण धान्याचं आहे, तीन वर्षं पुरेल असं साठवलेलं. (आपण याला सरळ बेगमी म्हणू. आगोटीला सुकट, मीठ, लाकूडफाटा भरतो तशी; फक्त आपली चार महिन्यांची.)

म्हणजे काटेकोर संस्कृतात पुढच्या पाच वर्षांची योजना 'पांचवर्षिक' व्हायला हवी. 'पंचवार्षिक' म्हणजे पाच वर्षं होऊन गेलेली! पहिली योजना १९५१ ते ५६ची. तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आपल्या महाडजवळच्या नाते गावचे, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले. त्यांच्या कानाला हे खटकलं असेल का, कोण जाणे. पण मराठी शब्द पाणिनीला विचारून चालत नाहीत, आणि 'पांचवर्षिक' लिहिलंत तर गुरुजी आणि पेंटर दोघंही तुम्हाला हसतील.

दिल्लीच्या योजना बाराव्यावर, २०१७ला थांबल्या. नियोजन आयोग त्याआधीच गेला, २०१५च्या १ जानेवारीला नीती आयोग आला. शब्दाला मात्र गावात दुसरं घर मिळालंय. विशेषणाचं नाम झालं आणि अर्थ झाला निवडणूक, नाहीतर सदस्यांची मुदत. 'मागच्या पंचवार्षिकला तो चार मतांनी पडला' असं नाक्यावर कोणी म्हणतं, तेव्हा ती पाच वर्षं खरोखरच होऊन गेलेली असतात. तिथे पाणिनीचीही हरकत नसावी.