कॅसिनो पॉइंटचा डाइव्ह: पायऱ्या, केल्प आणि 1700 पीएसआय

तुम्ही दोघंही ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचं प्राथमिक प्रमाणपत्र), बारा-बारा डाइव्ह, तेही तारकर्ली आणि हॅवलॉकच्या कोमट पाण्यात. आता सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचहून बोटीने कॅटलिना बेटावर जाऊन ॲव्हलॉनच्या कॅसिनो पॉइंटला गाइडशिवाय दोन डाइव्ह, आणि जमल्यास व्हॅलियंट या बुडालेल्या नौकेचे अवशेष, असा तुमचा बेत. डाइव्ह करा, व्हॅलियंट सोडा. ते पॉइंटच्या डाइव्ह पार्कची हद्द दाखवणाऱ्या दोऱ्यांबाहेर आहे, पार 30 मीटरपर्यंत उतरलेलं, हार्बर ऑफिसची परवानगी लागते आणि तुमची मर्यादा 18 मीटर. पार्कमध्ये 8 ते 15 मीटरवरच बघून संपणार नाही एवढं आहे.

आधी वजनाचं बघा. सप्टेंबरात वर पाणी 20 अंशांच्या आसपास, पण थर्मोक्लाइनखाली (जिथून पाणी एकदम थंड होतं तो थर) चार-पाच अंश सहज उतरतं. म्हणजे 7 मिमीचा सूट आणि हूड. तारकर्लीला 4 किलोत भागलं असेल, इथे नाही. शरीराच्या वजनाच्या दहा टक्के अधिक 2 किलो इथून सुरुवात करा. 70 किलोच्या माणसाला 9 किलो, म्हणजे साधारण 20 पाउंड. पायऱ्यांजवळ भरल्या टाकीने बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) पूर्ण रिकामी करा, श्वास अर्धा धरा. पाणी डोळ्यांपाशी आलं तर ठीक, पण वर 2 किलो आणखी घ्या. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होताना तेवढीच हलकी होते, आणि सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीच्या थांब्याला) माणूस बुचासारखा वर जातो तो याच चुकीमुळे.

टाकीतला दाब दाखवणारं गेज पीएसआयमध्ये (दाबाचं अमेरिकी एकक) असेल. 3000 ला सुरुवात, 1700 ला परत फिरायचं, पायऱ्यांशी किमान 700 शिल्लक. हिशोब असा: नेहमीच्या 80 घनफुटांच्या टाकीत सुमारे 2200 लिटर हवा. थंडीत नवख्याला पृष्ठभागावर मिनिटाला 20 ते 25 लिटर लागते. 12 मीटरवर दाब 2.2 बार, म्हणजे 44 ते 55 लिटर. पहिले 1300 पीएसआय 17 ते 21 मिनिटांत संपतात. दोघांपैकी ज्याचा काटा आधी 1700 ला येईल, त्याच्या काट्यावर दोघांनी फिरायचं.

परतीसाठी जास्त हवा ठेवायची ती केल्पमुळे, म्हणजे तळापासून पृष्ठभागापर्यंत वाढणाऱ्या लांब समुद्री शेवाळामुळे. हवा संपत आली की लोक मधेच वर येतात आणि पृष्ठभागावर पसरलेल्या केल्पच्या गालिच्यात अडकतात. हवा असेल तर त्याच्या खालून, देठांच्या मधल्या मोकळ्या जागेतून आरामात येता येतं. म्हणून उतरण्याआधीच कंपासवर पायऱ्यांची दिशा लावून घ्या. टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा फिनच्या पट्ट्यात देठ अडकलाच तर गर्रकन वळू नका, आणखी गुंडाळला जातो. थोडं मागे सरका, बडीला (जोडीदाराला) खूण करा. देठ ओढून तुटत नाही. गवारीची शेंग मोडतो तसा दुमडला की कट्कन मोडतो.

पायऱ्या काँक्रीटच्या, बाजूला कठडा, पण पाण्याखालच्या शेवाळाने निसरड्या. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं साधन) तोंडात, बीसीडी अर्धी फुगलेली, फिन्स हातात. कठडा धरून कमरेइतक्या पाण्यात उतरा, लाट वर चढली की तिच्याबरोबर सुटा आणि लगेच बाजूला व्हा. मागे रांग असते. बाहेर येताना कठडा हातात आल्याशिवाय फिन्स काढू नका, आणि पाय पक्का रोवेपर्यंत रेग्युलेटर तोंडातच. घसरून पडणारे बहुतेक इथेच घाई करतात.

ईशान्येचा वारा असेल तर बेत रद्द. ॲव्हलॉनचं तोंडच तिकडे आहे, लाट थेट पायऱ्यांवर आपटते आणि पार्क बंदही ठेवतात. शनिवार-रविवारी टाक्या भरणारा ट्रक पॉइंटवरच असतो, पण प्रशिक्षणाच्या तुकड्यांची गर्दीही तेव्हाच. मधल्या वारी गेलात तर टाक्यांची सोय आधी फोन करून ठरवा.

नारिंगी गॅरिबाल्डी तुमच्या मास्कला धडक देईल, घाबरू नका. अंडी राखणारा नर असाच वागतो. हा कॅलिफोर्नियाचा राज्य-सागरी मासा, संरक्षित. पार्कमधून शिंपलाही उचलायचा नाही. परतीची बोट संध्याकाळची घ्या. दोन डाइव्हमध्ये तासभर तरी उन्हात बसल्याशिवाय अंगातली थंडी जात नाही.