स्ट्रीट आर्ट म्हणजे फक्त स्प्रेने रंगवलेली ग्राफिटी का? बाकी काही प्रकार असतात का?

नाही, स्प्रेची ग्राफिटी हा त्यातला एक प्रकार आहे. आज रंगाचा थेंबही न वापरता उत्तम स्ट्रीट आर्ट होतं. कारण साधं आहे: उघड्यावर, बहुतेकदा घाईत काम करायचं असल्याने प्रत्येकाने आपापली युक्ती शोधली. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा याने 1981च्या सुमारास स्टेन्सिलने उंदीर उमटवले. साचा घरी कापून ठेवला की भिंतीपाशी मिनिटभराचंच काम. इन्व्हेडर हा कलाकार टाइल्सचे तुकडे सिमेंटने चिकटवतो. पोर्तुगालचा व्हिल्स तर भिंतच छिन्नीने नि ड्रिलने खोदतो आणि गिलावा, विटा, जुने थर यांच्या छटांतून माणसाचा चेहरा उभा करतो. माझ्या मते सगळ्यात भन्नाट काम साओ पावलोच्या आलेशांद्रे ओरियोनचं. 2006 साली त्याने बोगद्याच्या भिंतींवर साचलेली गाड्यांची काजळी फडक्याने पुसत कवट्यांच्या रांगा काढल्या. पोलिसांनी हटकलं, पण भिंत पुसणं हा गुन्हा कसा ठरवणार? शेवटी पालिकेने बोगदा धुऊन काढला.

एक मात्र लक्षात घ्या: माध्यम कुठलंही असो, परवानगीचा प्रश्न सुटत नाही, आणि परवानगी असली तरी चित्र टिकेलच असं नाही. न्यूयॉर्कमधल्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीवरची चित्रं मालकाच्या संमतीने काढलेली होती, तरी 2013 मध्ये त्यानेच ती रातोरात पांढरी करून टाकली. 2018 मध्ये कोर्टाने 21 कलाकारांना 67 लाख डॉलर भरपाई मंजूर केली.