लिफ्ट वर जाताना वजनकाटा जास्त किलो का दाखवतो?

कारण काटा पृथ्वीची ओढ मोजतच नाही. तो तुमच्या पायांना वर किती जोराने रेटतोय, तेवढंच मोजतो. तुमच्यावर बलं दोनच: खाली गुरुत्वाकर्षण, वर काट्याचा रेटा. लिफ्ट वर वेग घेत असताना रेटा ओढीपेक्षा जास्त लागतो, हा न्यूटनचा दुसरा नियम: रेटा = वस्तुमान × (९.८ + त्वरण). इथे ९.८ हे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, आणि दुसरं त्वरण म्हणजे लिफ्टचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते. माणूस ६० किलोचा आणि त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं तर रेटा ६४८ न्यूटन (बलाचं एकक), म्हणजे ९.८ ने भागून काट्यावर साधारण ६६ किलो. खाली निघताना ५४च्या आसपास. मात्र हे वेग बदलत असेपर्यंतच. एकसारख्या वेगाने वर जाताना काटा मुकाट ६०च दाखवतो, आणि खाली येणारी लिफ्ट थांबताना आकडा उलट वाढतो (परीक्षेत गुण इथेच जातात).