चौथ्या दिवसाची संध्याकाळ

प्रिय डॉक्टर,

तुझा मेल परवा रात्री वाचला, काल पुन्हा एकदा वाचला. जर्नल क्लबसाठी, म्हणजे डॉक्टरांनी एकत्र बसून नवे शोधनिबंध वाचण्याच्या बैठकीसाठी, ‘जनरल सर्जरीतलं अलीकडचं संशोधन’ हा विषय तुझ्या वाट्याला आलाय आणि कोणते पेपर घ्यावेत असं तू विचारलं आहेस. ते सांगतेच. पण मी अडकले ती तुझ्या शेवटच्या परिच्छेदापाशी. आतड्याचा जोड (कापलेली दोन टोकं एकत्र शिवणं) केलेल्या त्या आजोबांना नवव्या दिवशी घरी सोडलं, फाइल बंद केली, आणि आता वॉर्डातून सुटका होऊन ऑपरेशन थिएटरची पोस्टिंग मिळाली, म्हणजे खरं शिक्षण सुरू होईल, असं तू लिहिलं आहेस.

तुझ्या वयाची असताना मलाही अगदी असंच वाटायचं. म्हणून आधी एकाच पेपरबद्दल सविस्तर लिहिते. बाकीचे मग येतील.

2009 साली अमीर घाफेरी, जॉन बर्कमायर आणि जस्टिन डिमिक यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापला. अमेरिकेतल्या रुग्णालयांत जनरल आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या 84,730 पेशंटची माहिती त्यात होती. ऑपरेशननंतरच्या मृत्यूच्या प्रमाणानुसार त्यांनी रुग्णालयांचे पाच गट पाडले. सर्वांत चांगल्या गटात मृत्यू 3.5 टक्के, सर्वांत वाईट गटात 6.9, म्हणजे जवळपास दुप्पट. आता तुला विचारलं की हा फरक कशाने पडला असेल, तर तू म्हणशील की वाईट रुग्णालयांत गुंतागुंत जास्त होत असणार. मीही तेच म्हटलं असतं. पण गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं: 24.6 टक्के आणि 26.9 टक्के. फरक होता तो गुंतागुंत झाल्यानंतर. मोठी गुंतागुंत झालेल्या पेशंटपैकी चांगल्या गटात 12.5 टक्के दगावले, वाईट गटात 21.4 टक्के.

गुंतागुंत झालेल्या पेशंटला वाचवता न येणं, याला ‘फेल्युअर टू रेस्क्यू’ म्हणतात. जेफ्री सिल्बर यांनी 1992 मध्ये ही कल्पना मांडली होती. घाफेरींच्या आकड्यांनी ती सर्जनांच्या समोर आणून ठेवली. जोड सगळीकडेच सुटतात, न्यूमोनिया सगळीकडेच होतो. काही ठिकाणी ते वेळेवर कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि काही ठिकाणी येत नाही.

हे वाचलं तेव्हा मला एक बाई आठवल्या. मी रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ सर्जन, असतानाची गोष्ट. मोठ्या आतड्याच्या गाठीसाठी त्यांचं ऑपरेशन झालं होतं, आणि ते सुरेख झालं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी नाडी 112. ताप नाही. पोट किंचित फुगलेलं. वॉर्डातल्या सिस्टरनी मला दोनदा सांगितलं, “डॉक्टर, बाई आज बरोबर वाटत नाहीत.” मी कागदावर लिहिलं, ‘दुखण्यामुळे नाडी वाढली आहे’, वेदनाशामक चढवलं आणि थिएटरकडे धावले, कारण तिथे मोठी केस लागली होती आणि मला रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा ओढून धरायचं हत्यार) धरायला मिळणार होता. सकाळी आले तेव्हा रात्रभराची लघवी जेमतेम झालेली, रक्तदाब घसरलेला. पोट पुन्हा उघडलं तर जोड सुटलेला. त्या वाचल्या नाहीत.

जोड सुटला याला कोण काय करणार? पण मधले बारा तास माझ्या हातात होते. ती केस कोणती होती, हे मला आज आठवत नाही. सिस्टरचं वाक्य मात्र शब्दन् शब्द आठवतं.

म्हणून वॉर्डात शिकायला मिळत नाही असं तू म्हणतेस, ते मला पटत नाही. व्हिजन नावाचा एक प्रचंड अभ्यास आहे. 14 देशांतल्या 28 रुग्णालयांत, हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रिया झालेले, पंचेचाळिशीच्या पुढचे 40,004 पेशंट त्यात होते. 30 दिवसांत 715 जण गेले. त्यांतले थिएटरमध्ये किती गेले असतील, आधी मनाशी अंदाज कर. पाच. 500 जण ऑपरेशननंतर रुग्णालयातच गेले आणि 210 जण घरी सोडल्यानंतर. आपली सगळी भीती, सगळी एकाग्रता जिथे एकवटलेली असते, त्या खोलीत पाच.

यावरून हात महत्त्वाचे नाहीत असं समजू नकोस. बर्कमायर यांच्याच गटाने 2013 मध्ये मिशिगनमधल्या 20 सर्जनांच्या लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियांचे व्हिडिओ इतर सर्जनांना, नाव न सांगता, दाखवून गुण द्यायला सांगितले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चतुर्थांशात गुंतागुंत 14.5 टक्के होती, सर्वांत जास्त गुणवाल्यांत 5.2 टक्के. हात घडवावेच लागतात, त्यासाठी थिएटरमध्ये तासन् तास उभं राहावंच लागतं. पण तुझे हात घडत असताना वॉर्डातल्या पेशंटकडे पाहणारी नजर तयार झाली नाही, तर ते अर्धंच शिक्षण.

ती नजर कशी येते? खाटेपाशी बसून. राउंडच्या घोळक्यात उभं राहून नव्हे, संध्याकाळी एकटीने, स्टूल ओढून. नाडीचा आजचा आकडा पाहू नकोस, तीन दिवसांची रेघ पाहा. श्वासाचा वेग स्वतः मोज, पूर्ण मिनिटभर. बहुतेक चार्टवर तो 18 नाहीतर 20 लिहिलेला असतो आणि मोजलेला क्वचितच असतो, आणि शरीर बिघडायला लागलं की सर्वांत आधी बोलतो तो बहुधा हाच आकडा. म्हाताऱ्या माणसाने अचानक चादर ओढायला, असंबद्ध बोलायला सुरुवात केली तर त्याला झोपेचं औषध देण्याआधी पोट, छाती आणि लघवीची पिशवी बघ. आणि एक प्रश्न रोज विचार: कालच्यापेक्षा आज कसं वाटतंय? चौथ्या-पाचव्या दिवशी उत्तर ‘कालच्यापेक्षा वाईट’ आलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत जोड सुटला आहे असंच धर.

सिस्टरना काय वाटतं, तेही विचार. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाहीये. लिंडा एकेन यांनी 2002 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांच्या पाहणीतून दाखवलं की एका नर्सकडे एक पेशंट वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या 30 दिवसांतल्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. तिच्याकडे किती खाटा आहेत यावर तुझ्या पेशंटचं आयुष्य अवलंबून असतं. ती ‘बरोबर वाटत नाही’ म्हणाली तर हातातलं काम टाकून जा.

आता जर्नल क्लब. आकडे कसे वाचायचे हे दाखवायचं असेल तर चीता नावाची ट्रायल (पेशंटवर दोन पद्धतींची केलेली तुलना) घे, 2022 ची, लॅन्सेटमधली. भारतासह सात देशांतली 81 रुग्णालयं, 13,301 पेशंट. प्रश्न अगदी साधा: पोट शिवायला घेण्याआधी सगळ्या टीमने हातमोजे बदलले आणि निर्जंतुक केलेली वेगळी हत्यारं वापरली, तर जखम पिकण्याचं प्रमाण कमी होतं का? झालं: 18.9 टक्क्यांवरून 16.0 वर. कुणी म्हणेल, इतर फरक जमेस धरून 13 टक्के घट; कुणी म्हणेल, शंभरात तीनच. दोन्ही खरं आहे, आणि तू दोन्ही फळ्यावर लिही. मग लोकांना विचार की जखम पिकलेल्या त्या तीन माणसांचे किती दिवस, किती ड्रेसिंग, किती मजुरी बुडते. मला ही ट्रायल फार आवडते, कारण त्यात नवं यंत्र नाही की नवं औषध नाही. जिथे जखमा सर्वाधिक पिकतात तिथेच ती केली गेली, आणि उद्या सकाळपासून अमलात आणता येते.

तिच्यासोबत फाल्कन ही ट्रायल घे. तेच सात देश, 2021. कातडी पुसायला अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन आणि शिवायला ट्रायक्लोसान हे जंतुनाशक लावलेले धागे, ही दोन्ही महागडी साधनं नेहमीचं पोव्हिडोन आयोडिन आणि साध्या धाग्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. ‘फरक पडला नाही’ असा निकाल आला की रेसिडेंट पान उलटतात. असं करू नकोस. कशावर पैसे घालवायचे नाहीत हे इतक्या नीट कळणं ही फार मोठी मिळकत आहे.

थिएटरला जाते आहेस म्हणून एक छोटा पेपरही सांगते: स्टिच, नेदरलँड्समधला, 2015. पोटाचा मधला छेद बंद करताना कडेपासून पाच मिलिमीटरवर आणि पाच-पाच मिलिमीटर अंतराने बारीक टाके घातले, तर वर्षभरात छेदातून हर्निया होण्याचं (पोटातला भाग बाहेर फुगण्याचं) प्रमाण 13 टक्के. एक-एक सेंटिमीटरच्या मोठ्या टाक्यांत 21 टक्के. बारीक टाक्यांना काही मिनिटं जास्त लागतात. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतील, बघू दे.

ऑपरेशनच्या वेळी एकेक मुद्दा तपासायच्या चेकलिस्टबद्दल तुझ्या वरिष्ठांपैकी कुणीतरी नक्की विचारेल. 2009 मध्ये आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची यादी वापरल्यावर मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले. 2014 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत 101 रुग्णालयांची पाहणी झाली, तर लक्षणीय फरक दिसला नाही. यावर बरेच वाद झाले आहेत. माझं मत असं की कागदावर खुणा करणं वेगळं आणि चाकू लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने मान वर करून एकमेकांशी बोलणं वेगळं. तुझ्या थिएटरमध्ये यातलं काय घडतं ते आठवडाभर गुपचूप बघ.

पेशंटची काळजी घेण्याच्या रीती बदलल्या त्याचं बरंचसं श्रेय डेन्मार्कच्या हेनरिक केहलेट यांना. मध्यरात्रीपासून पाणी तोडायचं, नाकात नळी, पोटात ड्रेन (पाणी बाहेर काढणारी नळी), आठवडाभर अंथरूण, या प्रत्येक सवयीला त्यांनी 1990 च्या दशकात ‘का?’ विचारलं. पण त्यातून आलेल्या नव्या सवयींनाही तोच प्रश्न विचारावा लागतो, हे दाखवायला 2018 ची रिलीफ ट्रायल ठेव. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांत सलाइन अगदी हात आखडून द्यावं असं मध्यंतरी ठरून गेलं होतं. 3,000 पेशंटांत तपासलं, तर वर्षभरानंतर धडधाकट असण्यात फरक नाही, आणि हात आखडून सलाइन दिलेल्यांत मूत्रपिंडाला इजा मात्र 5.0 ऐवजी 8.6 टक्क्यांना. रोबोटच्या मदतीने करायच्या शस्त्रक्रियेचं मी एका ओळीत आटोपते: गुदाशयाच्या कॅन्सरसाठी रोलार ट्रायलमध्ये नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा रोबोट स्पष्टपणे वरचढ ठरला नाही. शिक, पण त्याच्यासाठी झुरू नकोस.

अपेंडिक्सचा विषय मात्र घाईत उरकू नकोस. फिनलंडच्या अपॅक ट्रायलमध्ये, स्कॅनवर साधा (न फुटलेला) अपेंडिसायटिस, म्हणजे अपेंडिक्सची सूज, दिसलेल्यांना फक्त अँटिबायोटिक्स दिली. पाच वर्षांत 39.1 टक्के जणांना आजार पुन्हा झाला. अमेरिकेच्या कोडा ट्रायलमध्ये 90 दिवसांतच 29 टक्क्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं, आणि आत खडा असलेल्यांत 41 टक्क्यांचं. मग काय चांगलं? जो माणूस पुढच्या महिन्यात बोटीवर सहा महिन्यांसाठी जाणार आहे, त्याला 29 टक्के फार वाटतील. जिच्या कडेवर तान्हं मूल आहे आणि घरी दुसरं कुणी नाही, तिला ऑपरेशन टळण्याची शक्यता मोठी वाटेल. हे आकडे खाटेपाशी बसून, सोप्या शब्दांत, घाई न करता सांगता आले पाहिजेत. संमतीपत्रावर सही घेणं हे काम ज्युनिअरकडे ढकललं जातं, आणि तू ते आवडीने कर असं मी म्हणेन. संशोधन माणसाच्या उपयोगी पडतं ते त्या पाच मिनिटांत.

पुरे, नाहीतर तुझा क्लब दोन दिवस चालेल.

आता ते आजोबा. तू लिहिलंस की फाइल बंद केली. व्हिजनमधले ते 210 जण असेच चांगले म्हणून घरी गेले होते. आजोबांचं वय तू शहात्तर लिहिलं आहेस, आणि जोड झाला की सुटण्याचा धोका नवव्या दिवशी संपतो असं काही नाही. फाइलमध्ये त्यांच्या मुलीचा नंबर असेल. तिला आजच फोन कर, आणि आजोबांनाही फोनवर घ्यायला सांग. ताप किंवा थंडी वाजली का, पोटभर खातात का, शौचाला झाली का, जखमेतून पाणी येतं का, पोटरी सुजली आहे का, चालताना धाप लागते का, हे एकेक करून विचार. घाईघाईत ‘बरं आहे ना?’ विचारलंस तर ‘हो, बरं आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा काल संध्याकाळी काय जेवलात ते सांगा म्हण, आणि बोलताना दम लागतोय का तेही ऐक.

काय म्हणाले ते मला कळव.

सस्नेह,
तुझी मॅडम