सही करण्याआधी ई-मेल कोणाचा देता ते पाहा

आपल्या गोव्यातील तुये येथील कारखान्याला जर्मन ग्राहकाचे पत्र आले असून, संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल कॉम्पॅक्टसारख्या (कंपन्या दहा तत्त्वे पाळण्याचे वचन स्वेच्छेने देतात, अशा) उपक्रमात आपण सहभागी आहात का, असे त्यात विचारले आहे, हे वाचले. कायद्याची सक्ती नसताना कंपन्या या भानगडीत पडतातच का, हा आपला प्रश्न वाचून मला कुंडईतले आमचे जुने दिवस आठवले. पन्हळी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात तेव्हा साठेक माणसे होती, आणि जवळजवळ याच मजकुराचे पत्र आमच्याही टेबलावर येऊन पडले होते. मी वकील नाही आणि सल्लागारही नाही. जे सोसले तेवढेच सांगतो.

संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी १९९९ साली दावोसला ही कल्पना मांडली, जुलै २००० मध्ये उपक्रम सुरू झाला आणि २००४ मध्ये भ्रष्टाचारविरोधाचे दहावे तत्त्व त्यात आले, एवढे आपल्याला ठाऊक असेलच. मानवी हक्क, कामगार व पर्यावरण ही बाकीची नऊ तत्त्वे वाचायला दहा मिनिटे पुरतात, म्हणून त्यांत शिरत नाही.

कंपन्या का जातात, याचे माझे उत्तर थोडे कडू आहे. मोठ्या कंपन्या नावासाठी जातात, आणि उद्या कायदा आलाच तर आपली तयारी असावी म्हणूनही जातात. ही दुसरी भीती खोटी नव्हती. माल पुरवणाऱ्यांकडे मानवी हक्क व पर्यावरण जपले जाते का, हे कंपन्यांना पाहायला लावणारा जर्मनीचा पुरवठा साखळीविषयीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. आधी किमान ३,००० व २०२४ पासून किमान १,००० कर्मचारी असलेल्या कंपन्या त्याच्या कक्षेत आल्या. आपला ग्राहक त्यांपैकी असेल, तर त्याला स्वतःची उत्तरे तयार करण्यासाठी आपली उत्तरे लागतात. आपल्यासारखे लहान कारखानदार जातात ते मात्र बहुतेक वेळा ग्राहकाने विचारले म्हणून, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. काही मालक मनापासूनही जातात, हे मान्य करतो. तसे मला दोनच भेटले.

येथे एक गोंधळ दूर करतो. आपल्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. तो प्रश्न नफा झाल्यानंतरचा आहे. ग्राहक विचारतो ते नफा मिळवताना आपण कसे वागलो हे: कंत्राटी कामगाराला जादा वेळेचे पैसे दुप्पट दराने मिळाले का, सांडपाणी कोठे गेले, आणि काम लवकर व्हावे म्हणून कोणाच्या हातावर काही ठेवले का. शाळेत वह्या वाटल्याची छायाचित्रे पाठवून या प्रश्नांतून सुटका होत नाही. आम्ही ती पाठवली होती.

आता आमची खरी चूक. अर्ज भरून देण्यासाठी आम्ही पणजीतील एका सल्लागार कार्यालयाला पैसे मोजले. नाव लिहीत नाही. त्यांनी मालकांच्या सहीचे बांधिलकीचे पत्र पाठवले, स्वीकृतीचे उत्तर आल्यावर ते रंगीत छापून चौकटीत बसवले आणि “तुमचे प्रमाणपत्र” म्हणून आमच्या हाती दिले. मालकांनी ती चौकट मंगेशाच्या तसबिरीशेजारी लावली. वास्तविक हा उपक्रम कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. दरवर्षी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सर्वांना पाहता येतो. अहवालाचा शब्दही त्या कार्यालयाने आमच्याकडे काढला नाही. नंतर विचारले तेव्हा, “आमचे काम नोंदणीपुरतेच होते,” असे उत्तर आले, आणि पुढे फोन उचलणे बंद झाले.

पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणे बरे नव्हे. अर्जात संपर्क म्हणून मी आमच्या गुणवत्ता विभागातील मुलाचा ई-मेल दिला होता, आणि तो मुलगा चवथीच्या आधीच वेर्ण्यातील एका औषध कंपनीत गेला. अहवालाची आठवण करून देणारी पत्रे वर्षभर त्याच्या बंद पडलेल्या पेटीत साचत राहिली. आम्ही आधी अहवाल न देणाऱ्यांच्या यादीत गेलो आणि पुढे काढून टाकलेल्यांच्या यादीत. हे आम्हाला कळले ते ग्राहकाकडून. त्यांच्या खरेदी विभागातील बाईंनी त्या पानाचे चित्र पाठवून खाली एकच ओळ लिहिली होती: याचे कारण कळवावे. जो कधी गेलाच नाही, त्याला कोणी जाब विचारत नाही. जो जाऊन गळला, त्याने काही लपवले असावे असे लोक धरतात. त्या वर्षी आमच्या निम्म्या मागण्या दुसरीकडे गेल्या. पुढे नव्याने पत्र देऊन आणि अहवाल भरून आम्ही परतलो, पण गेलेले काम सगळे परत आले नाही.

तेव्हा आपल्याला माझे सांगणे असे की आधी ग्राहकालाच विचारा, त्यांना नेमके सभासदत्व हवे आहे की प्रश्नावलीची उत्तरे पुरेशी आहेत. पुष्कळदा उत्तरेच चालतात, आणि त्यांसाठी लागणारी कागदपत्रे, म्हणजे हजेरीपट, पगारपत्रके आणि प्रदूषण मंडळाची संमती, आपल्या कपाटात असतातच. विंधनविहिरीच्या मीटरचे छायाचित्र महिन्याच्या पहिल्या तारखेला काढून ठेवण्याची सवयही लावा; पाण्याचा हिशेब मागितला की आमची त्रेधा उडत असे. दहापेक्षा कमी माणसे असतील तर आपल्याला कंपनी म्हणून प्रवेशच नाही. वर्गणी उलाढालीप्रमाणे ठरते आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून सध्याचे दर व अहवालाची मुदत मूळ संकेतस्थळावरच पाहा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

जायचेच ठरले तर संपर्कासाठी व्यक्तीचा ई-मेल न देता कारखान्याचा सामाईक ई-मेल द्या, आणि तो मालकांसह निदान दोघांच्या फोनवर उघडत असू द्या. ग्लोबल कॉम्पॅक्टचे बोधचिन्ह खोक्यांवर किंवा मालावर छापू नका; त्याच्या वापराला परवानगी लागते आणि मालावर ते चालत नाही. आमचे एक हजार छापील लेबलांचे गठ्ठे अजून गोदामात पडून आहेत.