सैन्यात नोकरी आहे, सिझेरियन होऊन सात आठवडे झालेत. धावायला कधी सुरुवात करू आणि वजन कसं उतरवू?

तुम्ही लिहिलंय की बाळंतपणाला ठाण्याला माहेरी आला आहात, वजन अजून अकरा किलो जास्त आहे आणि १८० दिवसांची रजा संपली की युनिटला हजर व्हायचंय. बीपीईटी, म्हणजे पाच किलोमीटर धावण्याची लष्करी शारीरिक चाचणी, आत्तापासूनच डोळ्यांसमोर नाचतेय. आई लाडू भरवतेय आणि तुम्हाला भात-पोळी बंद करून उद्यापासून उपवन तलावाला फेऱ्या मारायला सुरुवात करावीशी वाटतेय.

करू नका. बारा आठवड्यांच्या आत धावू नका आणि अंगावर पाजताय तोवर जेवण तोडू नका.

मी नेरूळची. शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर, रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोरमध्ये होते, मुलगी झाली तेव्हा कॅप्टन होते. माझी डिलिव्हरी नॉर्मल होती, टाके होते, पण ते भरून आले होते. त्यामुळे आठव्या आठवड्यात मला वाटलं की आता मी मोकळी. पहाटे साडेपाचला लेकीला आईजवळ ठेवलं आणि ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर गेले. पहिले चारशे मीटर बरे गेले. मग खाली जड जड वाटायला लागलं, काहीतरी सरकून खाली येतंय असं. तेवढ्यात खोकला आला आणि राखाडी ट्रॅकपँट मांडीपर्यंत ओली झाली. मी जॅकेट कमरेला बांधलं आणि बाकावर बसून राहिले. बाजूने रोजची चालायला येणारी माणसं जात होती. मी कोणालाच सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. चार दिवसांनी पुन्हा धावले. रुजू झाल्यावर पीटीच्या आधी तीन-तीन तास पाणी प्यायचं नाही, गडद रंगाचीच पँट घालायची, पॅड लावायचं, असं सहा महिने काढले. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंसमोर बोलले. त्यांनी शिकवलेले व्यायाम चार महिने नेमाने केले आणि ते थांबलं. ते सहा महिने फुकट गेले याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून इतकं उघड लिहितेय. लघवी गळणं पुष्कळ बायकांना होतं, पण ‘बाळंतपणानंतर असंच असतं’ म्हणून सोडून द्यायची ती गोष्ट नाही. त्यावर इलाज आहे.

तुमचं तर सिझेरियन आहे. वरची त्वचा जुळली म्हणजे आतलं जुळलं असं होत नाही. पोटाच्या स्नायूंवरचं जाड आवरण सहा आठवड्यांत मूळ ताकदीच्या निम्म्याहून थोडंच जास्त भरून आलेलं असतं. ते बऱ्यापैकी पूर्ववत व्हायला सहा-सात महिने जातात. आणि नऊ महिने पोटाचा भार ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी, म्हणजे पेल्व्हिक फ्लोअरने पेललेला असतो, त्यामुळे सिझेरियन झालं तरी तो सैल झालेला असतोच. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने दणका बसतो, तो याच तळाला झेलायचा असतो.

म्हणून आत्ता रोज चाला. दहा मिनिटांपासून वाढवत अर्ध्या तासापर्यंत जा, उपवनचा सपाट रस्ता त्याला उत्तम. येऊरचा चढ दहाव्या आठवड्यानंतर, तोही चालतच. घरी दिवसातून तीन वेळा पेल्व्हिक फ्लोअरचे व्यायाम करा. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखून धरल्यासारखं आत वर ओढायचं, आठ-दहा सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं आहे, आपल्याला फौजेत ताणून धरायची सवय असते आणि तिथेच चुकतं. श्वास रोखू नका. त्याबरोबर पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि खुर्चीवर बसून उठणं सुरू करा. सिट-अप्स मात्र इतक्यात अजिबात नको. आधी पोटाच्या स्नायूंमधली फट बघा: उताणं झोपून गुडघे दुमडा, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून दाबा. दोन बोटांपेक्षा जास्त रुंद खाच लागली किंवा पोट मधोमध डोंगरासारखं वर आलं, तर फिजिओला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बारा आठवडे झाले की लगेच धावायचं असंही नाही. त्या दिवशी स्वतःची परीक्षा घ्या. अर्धा तास चालता येतंय का, एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतंय का, एका पायावर दहा अर्ध्या बैठका, जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग, एका पायावर दहा उड्या, दोन्ही पायांनी आळीपाळीने. यात कुठेही दुखलं, खाली जड वाटलं किंवा थेंबभर जरी गळलं तरी आणखी तीन-चार आठवडे थांबा. सगळं कोरडं आणि बिनदुखतं पार पडलं तर एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, आठवड्यातून तीन दिवस. असं करत पाचव्या-सहाव्या महिन्यात पीपीटीचे, म्हणजे त्याआधीच्या साध्या चाचणीचे, २.४ किलोमीटर सलग होतात. पाच किलोमीटर त्यानंतर. पिठ्ठू (पाठीवरची पिशवी) आणि रायफल घेऊन धावणं सगळ्यात शेवटी, कारण पाठीवर भार आला की पोटातला दाब खाली जातो.

अमेरिकी लष्कराने २०२२ पासून प्रसूतीनंतर ३६५ दिवस नोंदीत धरली जाणारी फिटनेस टेस्ट माफ केली आहे. आपल्याकडे काय सवलत मिळेल ते तुमच्या एमओला, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांना, विचारा, पण शरीराला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच. एमओसमोर बोलायला संकोच वाटतो, वैद्यकीय कॅटेगरी खाली राहील अशी भीती असते, हे मी जगलेय. माझ्या वेळी आमच्या कोरमधल्या बाईने फार तर चौदा वर्षं नोकरी करायची, असाच हिशोब होता. फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा, रस्ता मोकळा केला. तुमच्यापुढे कदाचित वीस वर्षांची नोकरी आहे. एका टेस्टसाठी ते शरीर पणाला लावू नका. २०२३ पासून महिला जवान, नौसैनिक आणि हवाई योद्ध्यांनाही अधिकाऱ्यांसारखीच प्रसूती रजा आहे. तुमच्या हाताखाली उद्या एखादी मुलगी बाळंतपणाहून परत येईल, तेव्हा तिला हे सांगायला तुम्ही असाल.

आता खाणं. आईशी भांडू नका, तिचं बरंचसं बरोबर आहे. माझी आई डिंक तुपात तळायची तेव्हा तो कढईत फुटून पांढरा शुभ्र फुलायचा, मग खारीक-खोबरं-खसखस आणि गूळ. तो लाडू मी सकाळी एक आणि चार वाजता एक खायचे. दोन पुरेत. सहा-सहा खाल्ले तर वजन उतरायचं नाही, आणि मुख्य म्हणजे पोट लाडवांनीच भरतं आणि डाळ, अंडं, मासळी ताटात येतच नाही. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज ६०० कॅलरी आणि साधारण १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात, असं आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणणं आहे. पुढच्या सहा महिन्यांत ५२० कॅलरी. घरच्या भाषेत ६०० कॅलरी म्हणजे बाजरीच्या दोन भाकऱ्या, एक उकडलेलं अंडं, एक पेला दूध आणि एक लाडू. प्रथिनांसाठी दोन अंडी आणि वाटीभर वरण, किंवा मुगाचं घट्ट कढण. हळिवाची खीर नक्की घ्या, त्यात लोह भरपूर असतं. वर लिंबू पिळलेली कोशिंबीर खा, जेवणाला लागून चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. सरकारी कार्यक्रमात लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायला सांगतात. पुष्कळ जणी ती महिनाभरात सोडतात. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

आईचं कुठे चुकतं तेही सांगते. पाणी कमी प्यायला लावतात, हिरव्या भाज्या आणि फळं बंद करतात, पोट करकचून बांधतात. तहान लागेल तेवढं पाणी प्या. आधाराला पट्टा चालेल, पण घट्ट आवळला की भार खालीच जातो. आमच्या शेजारच्या दिवाळे गावातल्या कोळी मावशी मला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण आणून द्यायच्या. त्या मायेने आणायच्या, पण मुशी मोठी शिकारी मासळी, तिच्यात पारा साठतो, पाजणाऱ्या बाईने ती टाळलेली बरी. त्याऐवजी बांगडा, तारली, मांदेली, ताजे बोंबील खुशाल खा.

वजन आठवड्याला अर्धा किलोपर्यंत उतरलं तर चांगलं, त्याहून भरभर नको. पाजताना हाडांतून कॅल्शियम जातं, दूध तोडल्यावर ते भरून येतं. पण त्याच काळात उपाशी राहून धावलात तर नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे बारीक तडा, व्हायला वेळ लागत नाही. नडगीवर एकाच जागी बोट ठेवलं की दुखतंय असं झालं, तर धावणं त्या दिवशी बंद. व्यायामाने दूध आटत नाही. आधी पाजून जा, छाती हलकी असली की धावणं सोपं जातं, आणि ब्रा नव्या मापाची चांगली घ्या.

सात आठवडे झालेच आहेत तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दम लागतोय तो त्यामुळेही असेल. झोप आली तरी झोप लागत नसेल, बाळाकडे बघून सारखं रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मुंबईत नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे, फोन करून वेळ घ्या.

रुजू झाल्यावर पाजणं सोडावं लागत नाही. काढलेलं दूध पंचवीस अंशांपर्यंत चार तास टिकतं, आपल्या उकाड्यात तेवढाही भरवसा धरू नका. फ्रीजमध्ये चार दिवस. रजेच्या शेवटच्या महिन्यातच पंप वापरून बघा, युनिटला पोहोचल्यावर शिकायला वेळ नसतो.

आणि जायच्या पंधरा दिवस आधी बूट काढून घालून बघा. गरोदरपणात पाय पसरतो. माझा अर्धा नंबर वाढला होता आणि जुन्या बुटांनी पहिल्याच आठवड्यात अंगठ्याचं नख काळं केलं.